पाठमोरे फोटो

“आचल बायांचे फोटो काढते म्हन्ते, तलावाच्या पाळीवरून.”

“म्हन्ते काय, काढतेच. इंदूचा काढला. धुनं धुताना, पाठमोरा.”

“आन् तुहा?”

“माहाबी काढला ना वं! अर्धा फ्लेक्स माह्या पाठीतच गेला.”

दोघी हसल्या. एकीच्या हातातली प्लास्टिकची बादली दुसरीच्या बादलीवर आपटली, तेव्हा तर जास्तच हसल्या. मी दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसले होते. त्या दोघींना मी दिसत नव्हते आणि दिसावं अशी माझी इच्छाही नव्हती.

अड्याळपासून जवळच्या आमच्या गावात वडिलांचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. माझी सगळी शाळा भंडाऱ्याला, इंग्लिश मीडियमची. सकाळी व्हॅनमध्ये बसायचं, संध्याकाळी उतरायचं. त्यामुळे गावात मला मैत्रीण नव्हती. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी एक वर्ष घरी थांबले होते, आणि ‘शेठची पोरगी घरीच कायले बसून हाय’ हा प्रश्न लोकांच्या तोंडावर दिसायचा. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी पडद्यामागे सरकायचे. म्हणून मी ऐकायचे. ऐकलेलं मनात ठेवायचे, कुणाला विचारून खरं-खोटं करायचे नाही.

त्या बायांचं हसणं मला विचित्र वाटलं. तलावाच्या घाटावर बाया धुणं धुतात, तिथेच आंघोळही करतात. तिथले फोटो काढून ते फ्लेक्सवर छापायचे? चौकात वाढदिवसाचे लागतात तसे? या हसतायत कशा? यांना कळत नाहीये, मला कळलंय, असं मला वाटलं. कारण चारच दिवसांपूर्वी मी एक गोष्ट स्वतः पाहिली होती.

पण ती सांगण्याआधी आचल कोण ते सांगायला हवं.

आचल ढिवराची मुलगी. वडील तलावात जाळं टाकत, आई देवकाबाई अड्याळच्या बाजारात मासोळी विकत. आचल माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अड्याळच्या कॉलेजात अकरावीला होती. अंगानं किडकिडीत, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि डावा डोळा तिरपा. ती समोर उभी राहिली की ती आपल्याकडे बघतेय की मागच्या रॅकवरच्या डब्यांकडे, ते कधी कळायचं नाही. मला ते फार अस्वस्थ करायचं. मी माझी ओढणी नीट करायचे, मग वाटायचं, ती तर माझ्याकडे बघतच नसेल. चौकातली पोरं तिला काय काय म्हणत. ती उत्तर देत नसे. सरळ आमच्या दुकानाच्या पायरीशी येई आणि नमस्कार वगैरे काही न करता विचारी, “झाकन हाय काय, काका?”

पेंटचा डबा उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाचा जाड थर चिकटलेला असतो. गिऱ्हाईक डबा नेतं, कधी रंग मिसळून घेतं आणि फुटकं-वाकलेलं झाकण इथेच टाकून जातं. वडील ती झाकणं एका पोत्यात टाकायचे. आचल पोतं उपसून त्यातून आपल्याला हवी ती निवडायची. पायरीवर बसून झाकणावर आलेली रंगाची साय नखानं अलगद सोडवायची. आतला ओला रंग दिसला की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल व्हायचं. ते मी पडद्याच्या फटीतून कितीदा पाहिलंय.

“वरून सुकला दिसते,” ती एकदा वडिलांना म्हणाली, “खाली ओला रायते. फेकाचा नाई.”

“एवढ्या रंगाचं करते काय तू?”

“लावतो, काका.” आमच्याकडे मुलीही कधी कधी ‘लावतो’, ‘जातो’ म्हणतात. “लावला का डोक्यातलं सारं बंद होते.”

वडिलांना हे पुरलं. ते माणसांना फार विचारत नसत. आमच्या दुकानात रंगाच्या कंपनीचे जुने फ्लेक्स पडून असायचे, सणांच्या शुभेच्छांचे फ्लेक्स उतरले की तेही कुणीतरी आणून टाकायचं. आचल तेही मागून न्यायची. जाळ्यांवर झाकायला, असं म्हणायची. ते खरंही होतं. तिच्या घरासमोर जाळ्यांच्या ढिगावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा बरेच महिने पसरलेला होता, मी तो स्कूटीवरून जाताना बघायचे. ती रंगवते कशावर, हा प्रश्न मला कधी पडला नाही. रंग आणते कुठून, एवढाच पडायचा.

तो एकदा फारच पडला. निळ्या स्टेनरची बाटली रॅकवर नव्हती. डिस्टेंपरमध्ये मिसळायची ती छोटी बाटली असते, मुठीत सहज मावते. त्या दुपारी आचल येऊन गेली होती. मी वडिलांना काही म्हटलं नाही, पण त्यानंतर ती आली की पडदा थोडा जास्त बाजूला सारून बसायचे. तिच्या हातांवर लक्ष ठेवायचे. एकदा तिच्या कोपराला निळा डाग दिसला आणि माझी खात्रीच झाली. पंधरा दिवसांनी पुट्टीची पोती हलवली तेव्हा बाटली मागे भिंतीशी पडलेली सापडली, झाकणसुद्धा न उघडलेली. मी ती उचलून रॅकवर ठेवली. कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणाची माफी मागायचाही प्रश्न आला नाही. एवढंच मनात आलं, आणि बरं वाटलं.

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुलं लाकडी बैल मिरवतात; त्याच्या आधी आईनं आचलला घरी बोलावलं. माझ्या लहानपणीचा लाकडी बैल माळ्यावरून काढला होता, मावशीच्या नातीला द्यायला. रंग पार उडाले होते. आचल अंगणात बसली, मांडीवर जुनं पोतं, भोवती सात-आठ झाकणं. तिनं बैल उलटा फिरवून ठेवला आणि शेपटीपासून सुरुवात केली.

“अवं, तोंडापासून कर ना,” आई म्हणाली.

“आधी मागून, काकू. समोरून बसलो का थो मलेच पायते.”

आई हसली. “लाकडाचा बैल तुले पायते?”

“मानसायचंबी तसंच हाय. समोरून पाह्यलं का मानूस पदर नीट करते, तोंड नीट करते. पाठीले काई मालूम नसते.”

आई पुन्हा हसली. मी हसले नाही. ही कुणाला मागून बघते, आणि कशाला, असं माझ्या मनात आलं. आपण खिडकीत अभ्यासाला बसतो तेव्हा आपली पाठ रस्त्याकडे असते, हेही आलं.

तिनं तासाभरात बैल रंगवला. लाल झूल, तिच्यावर पिवळ्या ठिपक्यांची किनार, हिरवी शिंगं, पायांत पांढरे तोडे. झूल अशी की खरंच कापड टाकल्यासारखी पाठीवर बसलेली, एका बाजूला किंचित घसरलेली. फक्त डोळे कोरे ठेवले.

“डोये राह्यले ना,” आई म्हणाली.

“थे ताई काढन.” तिनं ब्रश माझ्यापुढे धरला. “माह्याकून वाकडे होतेत.”

मला वाटलं, ही आपल्याकडून कीव काढून घेतेय. तरी मी ब्रश घेतला आणि दोन काळे ठिपके दिले. एक ठिपका वर गेला, दुसरा खाली ओघळला. आचलनं बैल हातात घेतला, मान तिरपी करून बराच वेळ बघितला.

“बेस झाले,” ती म्हणाली. “माह्यासारखे.”

ती थट्टा होती की टोमणा, हे मी दोन दिवस ठरवत बसले. आज कळतं, ती माझ्याशी बोलायला बघत होती. गावात तोवर दुसऱ्या कुणी तेवढाही प्रयत्न केला नव्हता.

आता ती चार दिवसांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, तलाव काठोकाठ होता. मी स्कूटीवरून पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या रस्त्यानं येत होते. आचल पाळीवर उभी होती, ऊन तिच्या मागून येत होतं, त्यामुळे तिची फक्त काळी आकृती दिसत होती. एक हात सरळ पुढे धरलेला. हातात काहीतरी चपटं. अगदी खालून जाताना दिसलं, एक डोळा मिटलेला. हात घाटाकडे, जिथे बाया धूत होत्या. ती ते चपटं थोडं वर घ्यायची, थोडं खाली, मग पुन्हा स्थिर धरायची. मी स्कूटी थांबवली नाही. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

आणि मग बादल्या घ्यायला आलेल्या त्या दोघी.

संध्याकाळी पोळ्या लाटत असलेल्या आईला मी म्हटलं, “आई, ती आचल आहे ना, ती बायकांचे फोटो घेते. घाटावर. आंघोळ करताना.”

लाटणं थांबलं. “कोन म्हन्ते?”

“मी पाहिलंय.”

मी एवढंच बोलले. त्या वर्षात मी घराबाहेरच्या जगाबद्दल बोललेलं हे बहुधा सगळ्यात लांब वाक्य होतं. आईनं ते शेजारच्या काकूंना सांगितलं, काळजीनंच. काकूंनी पुढे कुणाला सांगितलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात लोक खिळे-स्क्रू घेता घेता बोलत होते, आणि माझ्या वाक्याला मोबाइल जोडला गेला होता.

“मोबाइलनं घेते म्हन्ते.”

“घेते आन् धाडते कोनाले तरी.”

“तिच्या मायच्या मोबाइलमध्ये पाह्यलं काय कोनी?”

“पाहून काय होते? डिलीट केले असन.”

तिसऱ्या दिवशी घाट ओस पडला. बाया घरीच नळाखाली धुऊ लागल्या. देवकाबाईंकडून मासोळी घेणं गल्लीतल्या तीन घरांनी बंद केलं. इंदूबाई दुकानात आल्या, त्याच इंदूबाई, ज्यांचा पाठमोरा फोटो काढला होता. त्या हसत नव्हत्या. पडद्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, तुमी डोयानं पाह्यलं काय, खरंच?”

मी मान हलवली. होय म्हणून.

“मले वाटे...” त्या म्हणाल्या, तेवढ्यात हॉर्न वाजला. बाहेर त्यांचे यजमान मोटरसायकल चालू ठेवून थांबले होते.

आचलला त्या तीन दिवसांत कुणीच काही विचारलं नाही. तिच्याबद्दल मात्र सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. तिच्या वडिलांना बाहेरून एवढंच समजलं, की पोरगी बायांचे फोटो काढते म्हणून गाव खवळलं आहे. त्यांनी तिची सगळी झाकणं पोत्यासकट तलावात फेकली. गावानं बोलावलेल्या बैठकीत दोष ठरला तर मुलीचं कॉलेज बंद करायचं आणि तिला लाखनीकडे मामाच्या गावी पाठवून द्यायचं, असं त्यांनी आमच्याच दुकानात येऊन वडिलांना सांगितलं. “स्थळबी पायतो म्हन्ते तिचा मामा,” ते म्हणाले. “रंग-बिंग बस झाला आता.” ती तेव्हा सतरा वर्षांचीही नव्हती.

ते गेल्यावर वडील बराच वेळ काउंटरवर बोटं वाजवत राहिले. मग पडद्याकडे न बघताच म्हणाले, “तू पक्कं पाह्यलं ना, बेटा?” मी पुस्तकाचं पान उलटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बैठक रविवारी दुपारी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. आईनं मला बरोबर नेलं, कारण ‘पाहिलेली’ मीच होते. हॉलमधल्या सतरंज्या कुठल्याशा कार्यक्रमाला गेल्या होत्या. पुरुषांना खुर्च्या होत्या, बायांना बसायला फरशी. आचलचे वडील त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पुढे करत होते. ते धावत घरी गेले, जाळ्यांवरचे फ्लेक्स गुंडाळून घेऊन आले आणि त्यांनीच ते अंथरले. सगळीकडे हसरे चेहरे, जोडलेले हात, हार्दिक शुभेच्छा. बाया त्यांच्यावर मांडी घालून बसल्या. माझ्यापुढे इंदूबाई बसल्या होत्या, जांभळ्या लुगड्यात. माझे वडील दाराशी उभे होते.

आचलला मध्ये उभं केलं. तिचं तोंड गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आम्हा बायांना तिची पाठ दिसत होती. इतके महिने मी तिच्यावर लक्ष ठेवलं होतं, पण तिची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. कुडत्याचं मागचं एक बटण तुटलेलं, तिथे सेफ्टी पिन. कोपराच्या मागे अजूनही थोडा निळा. एका पायावर भार देऊन ती उभी होती आणि दुसऱ्या पायाचा अंगठा फरशीच्या भेगेत फिरवत होती. पाठीला खरंच काही माहीत नव्हतं.

“तू बायांचे फोटो काढले काय?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो,” आचल म्हणाली. “काढले.”

हॉलमध्ये एकदम गलका झाला. कोपऱ्यातून देवकाबाई उठल्या, हात जोडून म्हणाल्या, “चुकलं पोरीचं, माफ करा जी. आता नाई काढनार ते.” त्यानं गलका अजून वाढला. आईसुद्धा कबूल करतेय म्हटल्यावर राहिलं काय?

“आन् मोबाइल कुठं हाय?”

“मोबाइल?” आचल गोंधळली. “मायजवळ रायते.”

“मंग फोटो कुठं हायत? दाखव!”

आचलनं मान वळवून मागे बघितलं. नेहमीसारखंच, कुणाकडे बघतेय ते कळलं नाही. मग अगदी हळू म्हणाली, “बाया बसल्या ना त्याइच्यावर.”

“मस्करी करून राहिली काय वं?” कुणीतरी ओरडलं. “काय उत्तर देते पाहा!”

अध्यक्षांनी हात वर केला. “हे पाहा, आमच्यापाशी साक्षी हाय. शेठच्या पोरीनं सोता पाह्यलं. इंग्लिश मीडियमची हाय ते, तिले कायची गरज खोटं बोलाची?”

सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडे लोक बघू लागले की मी करते तेच मी केलं. मान खाली घातली.

माझ्या गुडघ्यापाशी फ्लेक्सचा कोपरा दुमडलेला होता. दुमडलेल्या मागच्या पांढऱ्या बाजूवर रंग होता. जांभळा. मी कोपरा अजून थोडा उलटला. खाली वाकलेली एक पाठ. ओल्या वेणीचं टोक, ब्लाउजच्या हुकाशी ताणलेलं कापड, खोचलेल्या लुगड्याची पिवळी किनार, आणि त्या किनारीवर साबणाच्या फेसाचे चार पांढरे ठिपके. मी मान वर केली. समोर तेच जांभळं, तीच पिवळी किनार. तसूभरही फरक नाही. तेव्हा ते पाळीवरचं चपटं मला आठवलं. ती झाकणावर रंग मिसळत होती, हात लांब करून तो लुगड्याच्या शेजारी धरत होती, डोळा तिरपा म्हणून एक मिटून घेत होती. जुळेपर्यंत.

आमच्या गावात चित्रालाही फोटोच म्हणतात, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचाही फोटो असतो. शाळेच्या भिंतीवर कुणी वाघ रंगवला तर तोही वाघाचा फोटो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं आयुष्य हेच ऐकत आले होते. पण त्या दोघी ‘काढते’ म्हणाल्या आणि मी ते माझ्या शाळेच्या भाषेत ऐकलं, जिथे फोटो फक्त कॅमेऱ्यानं घेतात. आणि घरी येऊन तसंच सांगितलं.

मी आईच्या दंडाला हात लावला. कोपरा दाखवला. आईनं बघितलं, तिचा चेहरा उतरला. मग तिनं माझा हात दाबून धरला. “गप,” ती ओठातल्या ओठात म्हणाली. “आता नको. बाबा उभे हायत तिकडं.”

समोर अध्यक्ष आचलच्या वडिलांना सांगत होते, “तर मंग तुमी म्हन्ता तसं करा. धाडून द्या मामाकडं, इथं विषय बंद करू.” आचलचे वडील मान डोलवत होते. आचलचा अंगठा भेगेत थांबला होता.

मी उठले, म्हणून माझ्या बाजूच्या दोघींनाही सरकावं लागलं आणि फ्लेक्स ओढला गेला. इंदूबाई मागे वळल्या. सगळा हॉल वळला. फक्त आचल वळली नाही. मी जन्मात कधी गावाशी गावच्या बोलीत बोलले नव्हते. त्या दिवशी दुसरी कुठली भाषा तोंडात आलीच नाही.

“घेतले नाई जी तिनं, काढले,” मी म्हटलं. “रंगानं काढले. घेतले म्हनून मी सांगतलं होतं.”